यूसू न्दूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेनेगलचे गायक आणि उद्योजक यूसू न्दूर यांच्याबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. तेच ते दोनदा सांगावं लागू नये म्हणून जागोजागी प्रश्नक्रमांक दिले आहेत.

1. यूसू न्दूर कोण? दोन ओळींत सांगा.

जन्म 1 ऑक्टोबर 1959, डाकार शहरातल्या मेदिना या दाट वस्तीत. 'म्बालाख' नावाचं सेनेगली पॉप संगीत जगभर पोचवणारे गायक, 'सेव्हन सेकंड्स' या गाण्याचे एक मानकरी, 2005 चे ग्रॅमी विजेते. शिवाय स्टुडिओ, कॅसेट कंपनी, नाइट क्लब, दैनिक, रेडिओ आणि टीव्ही वाहिनी यांचे मालक. मधल्या काळात मंत्रीही होते.

2. नावाचा उच्चार नेमका काय? 'न डोर' म्हणायचं का?

नाही. 'न्दूर' हे एकाच दमात म्हणायचं. सुरुवातीचा 'न' अर्धा आहे आणि तो 'द'ला चिकटलेला आहे. आपण 'आनंद'मध्ये तो जोड रोज उच्चारतो, फक्त शब्दाच्या सुरुवातीला तो आला की अडखळतो. रोमन लिपीत त्या दोन अक्षरांमध्ये ॲपॉस्ट्रॉफी असतो, ती फ्रेंच कारकुनी वळणाची देणगी. गाण्यांच्या ॲपवर शोधताना तो घालून आणि गाळून, दोन्ही तऱ्हांनी शोधा, कारण जुन्या कॅसेटवरून चढवलेली गाणी बऱ्याचदा दुसऱ्याच स्पेलिंगखाली पडलेली असतात.

3. 'म्बालाख' म्हणजे काय? आफ्रोबीट्सच ना ते?

नाही. आफ्रोबीट्स नायजेरिया आणि घानाचं आणि अलीकडचं. म्बालाख हे सेनेगल-गांबियाचं, 1970 च्या दशकात घडलेलं.

वोलोफ भाषेत म्बालाख हा मुळात साबार ढोलांच्या ताफ्यातल्या साथीच्या ठेक्याचा शब्द आहे. साबार एका हातात काडी आणि दुसरा हात मोकळा ठेवून वाजवतात, त्यामुळे एकाच ढोलातून काडीचा कोरडा कडाका आणि तळहाताची भरीव थाप आलटूनपालटून निघते. ताफ्यात बारीकमोठे ढोल असतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. 1970 च्या आधी डाकारच्या क्लबांत क्यूबन संगीताची चलती होती आणि गायक कळत नसलेल्या स्पॅनिशमध्ये गायचे. यूसू आणि त्यांच्या पिढीने शब्द वोलोफमध्ये आणले आणि साबारचे ठेके गिटार, बास आणि कीबोर्डवर वाटून दिले. त्या वाद्यांवर जे वाजतं ते ढोलाचंच बोलणं असतं, म्हणून ही गाणी ऐकताना सूरही ठेक्यासारखे तुटक लागतात.

या सगळ्यावर तामा. हा काखेत धरायचा, मध्ये चिंचोळा असा छोटा ढोल. दोन्ही तोंडं दोऱ्यांनी बांधलेली असतात. कोपराने दोऱ्या दाबल्या की कातडं ताणतं आणि आवाज चढतो, सोडल्या की उतरतो. काखेत धरून ताण बदलण्याची करामत आपल्या चौंडक्यालाही येते, मात्र तिथे तार छेडतात, इथे कातड्यावर काडी पडते. यूसू यांच्या सुपर एत्वाल या बँडमध्ये अनेक वर्षं तामा वाजवणारे आसान चाम यांची वादनं याचा उत्तम नमुना आहेत.

4. पहिल्यांदा ऐकलं, पण सम कुठे आहे तेच कळेना. माझं काय चुकतंय?

बहुतेकांचं हेच होतं. कान आधी तामाकडे जातो, कारण तोच सर्वांत उंच आणि चपळ. पण तामा समेवर येत नाही, तो तिच्याभोवती नाचतो. म्हणून पहिल्या ऐकण्यात त्याच्याकडे सरळ दुर्लक्ष करा. पायाने ड्रम-सेटमधल्या मोठ्या बास ड्रमचा ठोका धरा आणि चार मोजा. मग प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे ऐकू येतात का ते पाहा. तिस्र जातीची सवय असलेल्यांना हे लवकर सापडतं. ते पक्कं झालं की तामा परत आत येऊ द्या.

5. ते ग्रिओ घराण्यातले आहेत म्हणतात. मग गाणं घरातूनच आलं असणार?

अर्धं खरं आहे. ग्रिओ, वोलोफमध्ये 'गेवेल', म्हणजे वंशावळ मुखोद्गत ठेवणारे, स्तुती गाणारे, लग्न-बारशाला बोलावले जाणारे पिढीजात गायक. भाट म्हणा, पण भाटापेक्षा त्यांचं समाजातलं वजन जास्त. आई ग्रिओ वंशातली. वडील सेरेर समाजातले, हातात गॅरेजचं काम, आणि मुलाने शिकावं असं त्यांचं म्हणणं. गाण्याला त्यांचा विरोध होता. यूसू लहानपणी सुंतेच्या समारंभांत गायचे आणि तिथेच त्यांचं नाव मेदिनाभर झालं.

पारंपरिक ग्रिओ यजमान देईल त्या बिदागीवर जगतो. यूसू यांनी स्तुतिगीतं सोडली नाहीत, पण गाण्याची मिळकत मात्र यजमानाच्या मर्जीवर ठेवली नाही. उद्योजक कसे झाले याचं उत्तर (प्र. 11) इथूनच सुरू होतं.

6. स्टार बँड, एत्वाल द डाकार, एत्वाल 2000, सुपर एत्वाल. यांतला त्यांचा बँड कोणता?

एत्वाल 2000 सोडून बाकी तिन्हींत ते गायले. स्टार बँड हा इब्रा कासे यांच्या मायामी क्लबचा बँड, 1960 मध्ये स्वातंत्र्याच्या निमित्ताने उभा राहिलेला. त्यात यूसू साधारण 1976 मध्ये, सतराव्या वर्षाच्या आसपास गेले. त्या काळच्या डाकारमध्ये वाद्यं, ॲम्प्लिफायर आणि बँडचं नावसुद्धा क्लबमालकाचं असायचं. गायक-वादक पगारी. भांडण झालं की मंडळी उठून दुसरीकडे नवा बँड काढायची, पण वाद्यं मागे राहायची.

तसंच उठून काही जणांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस एत्वाल द डाकार काढला. 1979 मध्ये त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं आलं, 'खालिस'. वोलोफमध्ये खालिस म्हणजे पैसा. पुढचं सगळं पाहता हा योगायोग गमतीचा आहे.

1981 च्या सुमारास हाही बँड फुटला. एल हाजी फाय आणि गिटारवादक बादू न्जाय यांनी एत्वाल 2000 काढला आणि यूसू यांनी सुपर एत्वाल द डाकार. नावात 'एत्वाल', म्हणजे तारा, दोघांनीही ठेवला, म्हणून आजही गोंधळ होतो. जुनी रेकॉर्ड घेताना मागच्या बाजूची गायकांची नावं वाचा. 'एत्वाल 2000' असेल तर त्यात यूसू नाहीत.

7. परदेशात नाव कसं झालं? ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलमुळे?

त्यांच्यामुळे वेग आला, सुरुवात मात्र टॅक्सीवाल्यांनी केली. 1984 मध्ये फ्रान्समधल्या सेनेगली टॅक्सीचालकांच्या संघटनेने सुपर एत्वालला युरोपात बोलावलं. त्याच काळातलं 'इमिग्रे' हे परदेशी राबणाऱ्यांना उद्देशून म्हटलेलं गाणं.

गॅब्रिएल यांच्या 1986 च्या 'सो' अल्बममधल्या 'इन युवर आयज'च्या शेवटी जो वोलोफ आवाज उसळून येतो तो यूसू यांचा. मग व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, 1989 मध्ये 'द लायन' आणि 1990 मध्ये 'सेट' आले, आणि कंपनीने त्यांना सोडून दिलं. 'सेट' म्हणजे स्वच्छ. डाकारच्या पोरांनी त्या सुमारास स्वतःहून गल्ल्या झाडायला आणि भिंती रंगवायला घेतल्या होत्या. त्या 'सेट सेताल' चळवळीशी हे नाव कायमचं जोडलं गेलं. 1992 चा 'आयज ओपन' दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या कंपनीकडून निघाला.

8. ते भारतात कधी येऊन गेलेत का?

हो. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या 'ह्यूमन राइट्स नाऊ' दौऱ्यात 30 सप्टेंबर 1988 रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. सोबत ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन आणि पीटर गॅब्रिएल. बाकी चौघांच्या नावांपुढे त्यांचं नाव भारतीय वाचकांच्या लक्षात राहिलं नाही, एवढंच.

9. 'सेव्हन सेकंड्स' हे स्वीडिश गायिका नेने चेरीचं गाणं आहे की यूसू यांचं?

दोघांचं. लेखनातही दोघं आहेत, आणखी दोन सहलेखकांसह. यूसू यांच्या 1994 च्या 'द गाइड'मध्ये ते आहे आणि नेने चेरी यांच्या 1996 च्या 'मॅन'मध्येही, म्हणून ॲपवर दोन ठिकाणी दिसतं. रेकॉर्डिंग तेच. फ्रान्समध्ये ते 16 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

गाण्यात तीन भाषा आहेत: वोलोफ, इंग्रजी आणि फ्रेंच. सुरुवातीची वोलोफ कडवी यूसू यांची, इंग्रजी कडवं नेने यांचं. सात सेकंद म्हणजे जन्मलेल्या बाळाचे पहिले सात क्षण, जेव्हा त्याला जगातल्या भेदभावाची कल्पना नसते. हे ऐकून 'म्बालाख ऐकलं' असं समजू नका. ते गाणं त्यांचं आहे, म्बालाख नाही.

10. एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या का सापडतात?

कारण दोन बाजार होते. डाकारसाठी कॅसेट निघायची: ठेका पुढे, तामा मोकळा, शब्दांत गल्लीतले संदर्भ. युरोप-अमेरिकेसाठी तेच गाणं पुन्हा मिक्स व्हायचं: कीबोर्ड गुळगुळीत, ढोल मागे, मध्ये इंग्रजी किंवा फ्रेंच कडवं. यूसू यांनी हे उघडपणे आणि वर्षानुवर्षं केलं.

'परदेशी आवृत्ती भेसळीची' अशी तक्रार बरेच जण करतात. 'द लायन'च्या बाबतीत ती पटण्यासारखी आहे, 'सेट'च्या बाबतीत नाही. पण डाकारचा गायक म्हणून त्यांना मान्यता टिकवता आली ती या स्थानिक कॅसेटमुळेच. पॅरिसला गेलेले कितीतरी आफ्रिकी गायक तिथेच राहिले. यूसू दर दौऱ्यानंतर डाकारला परतून आपल्या क्लबात गात राहिले.

11. त्यांचे उद्योग कोणकोणते, आणि कोणत्या क्रमाने उभे राहिले?

क्रमाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते: गाणं श्रोत्यापर्यंत जाताना ज्या ज्या हातातून जातं, तो एकेक हात त्यांनी आपलासा केला.

आधी बँड स्वतःचा, म्हणजे क्लबमालकाची वाद्यं नकोत (प्र. 6). मग नाइट क्लब स्वतःचा. नाव रोमनमध्ये 'थिओसान' वाचलं जातं, पण वोलोफ उच्चार 'चोसान', अर्थ परंपरा. त्यानंतर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डाकारमध्ये खिपी हा रेकॉर्डिंग स्टुडिओ. खिपी म्हणजे उघडे डोळे, आणि 'आयज ओपन' हे अल्बमचं नाव त्याचंच भाषांतर. तोवर चांगल्या रेकॉर्डिंगसाठी युरोप गाठावं लागायचं. दिवसांचं भाडं, विमानं, हॉटेलं, आणि स्टुडिओत घड्याळाकडे बघत गाणं. खिपीमुळे तो खर्च आणि ती घाई दोन्ही गेली, आणि इतर सेनेगली गायकांनाही गावातच जागा मिळाली. मग जोलोली ही कॅसेट कंपनी.

यापुढे एक अडचण राहिली जी पैशाने सुटत नव्हती: चोरट्या कॅसेट. सांडागासारख्या बाजारात मूळ कॅसेट आली की तिच्या नकला शेजारच्याच टोपलीत दिसायच्या. म्हणजे नुसत्या विक्रीवर विसंबून चालणार नव्हतं. 2003 मध्ये 'लोब्सेर्वातर' हे फ्रेंच दैनिक आणि आरएफएम हे रेडिओ केंद्र सुरू झालं, 2010 मध्ये टीएफएम ही टीव्ही वाहिनी. तिन्ही मिळून 'ग्रूप फ्यूतूर मेदिया'. लोब्सेर्वातर देशातल्या सर्वाधिक खपाच्या दैनिकांत गणलं जाऊ लागलं. रेडिओ मुख्यतः वोलोफमध्ये बोलतो, आणि त्याच्या यशाचं मोठं कारण तेच: बाजारात, टॅक्सीत, शिवणाच्या दुकानात फ्रेंच नव्हे, वोलोफ चालते.

12. 'बिरिमा' ही त्यांची बँक आहे का?

बँक नाही, लहान कर्जं देणारी पतसंस्थेसारखी योजना. 2008 मध्ये सुरू झाली. नाव सेनेगलमधल्या जुन्या कायोर राज्याच्या बिरिमा या राजावरून, ज्याच्यावर यूसू यांचं गाणंही आहे. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नाही अशा शिंपी, मासेमार, फेरीवाले यांना भांडवल द्यायचं, हा हेतू.

इथे एक गैरसमज पसरतो. इटलीच्या बेनेटन कंपनीने त्या वर्षी 'आफ्रिका वर्क्स' नावाची जाहिरात मोहीम काढली. तिच्या फलकांवर अशाच कामकऱ्यांची, हातात आपापली अवजारं धरलेली छायाचित्रं होती. त्यामुळे बिरिमा बेनेटनची असं काहींना वाटतं. कंपनीने प्रसिद्धीला हात दिला, योजना यूसू यांची.

13. 'इजिप्त' अल्बमवरून सेनेगलमध्ये वाद का झाला? धार्मिकच तर गाणी आहेत.

वाद म्हणूनच झाला. सेनेगलमधले बहुसंख्य मुसलमान सूफी पंथांशी बांधलेले आहेत: मुरीद, तिजानी, लायेन. 'इजिप्त'मधली गाणी त्या पंथांच्या संतांवर आहेत, मुरीदांचे शेख आमादू बांबा त्यांत ठळक. साथीला कैरोचे फाथी सलामा आणि त्यांचा वाद्यवृंद. साबारचा धडाका इथे नाही. व्हायोलिनं, बासरी, अरबी तालवाद्यं, आणि कोरा हे सेनेगली तंतुवाद्य.

रेकॉर्डिंग 1999 च्या सुमाराचं. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर इस्लामवरचा अल्बम बाजारात आणणं नको म्हणून तो थांबवला गेला आणि 2004 मध्ये निघाला. सेनेगलमध्ये तो रमजानच्या दिवसांत आला. नाइट क्लबात नाचायला लावणारा गायक संतांची नावं घेतो, आणि तेही विक्रीच्या कॅसेटवर, हे अनेकांना रुचलं नाही. दुकानदारांनी कॅसेट परत पाठवल्या. मग फेब्रुवारी 2005 मध्ये त्याच अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि वारं फिरलं. परदेशातल्या पारितोषिकानंतर घरच्यांना कौतुक सुचतं, हे काही एकट्या सेनेगलचं वैशिष्ट्य नव्हे.

हा सगळा प्रवास 'आय ब्रिंग व्हॉट आय लव्ह' या 2008 च्या माहितीपटात आहे.

14. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले ना ते?

नाही, लढलेच नाहीत. त्यांना लढू दिलं गेलं नाही. 2 जानेवारी 2012 रोजी त्यांनी आपल्याच वाहिनीवरून उमेदवारी जाहीर केली. त्याआधी 'फेक्के मा ची बोले' ही नागरिकांची चळवळ त्यांनी काढली होती. अर्थ साधारण असा: मी इथे आहे, म्हणजे यात मीही आहे.

अपक्ष उमेदवाराला तेव्हा किमान 10,000 मतदारांच्या वैध सह्या लागायच्या. त्यांच्या बाजूने 12,936 सह्या दिल्याचं सांगितलं गेलं. 27 जानेवारीला घटना परिषदेने त्यांतल्या 8,911 च पडताळता आल्या म्हणून अर्ज फेटाळला. सही नुसती असून भागत नाही, सही करणारा मतदारयादीत ओळखता यायला हवा. तिथे गळती झाली.

त्याच दिवशी परिषदेने विद्यमान राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांना तिसऱ्यांदा उभं राहायला परवानगी दिली आणि डाकारमध्ये दंगे उसळले. यूसू यांनी मग विरोधकांना साथ दिली. फेब्रुवारीतल्या एका निदर्शनात त्यांच्या पायाला इजाही झाली. 25 मार्चच्या दुसऱ्या फेरीत माकी साल जिंकले.

15. मंत्री कोणत्या खात्याचे, आणि किती काळ?

एप्रिल 2012 मध्ये संस्कृती आणि पर्यटन. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या फेरबदलात संस्कृती गेली, पर्यटन आणि मनोरंजन राहिलं. सप्टेंबर 2013 मध्ये मंत्रिपद गेलं आणि राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार झाले, मंत्र्याच्या दर्जासह. 'ते दहा वर्षं मंत्री होते' असं वाचलंत तर हा दर्जा आणि प्रत्यक्ष खातं यांची सरमिसळ झाली आहे. खातं जेमतेम दीड वर्षं होतं.

16. टीव्ही, रेडिओ, पेपर हातात असलेला माणूस मंत्री होतो, हे बरोबर आहे का?

सेनेगलमध्येही हा प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्तच आहे. दुसरी बाजू ही की वाद यांच्या राजवटीत टीव्हीचा परवाना मिळवताना याच समूहाला बराच काळ ताटकळावं लागलं होतं. सरकारच्या हातात परवान्याची किल्ली असते हे त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं. आमच्या मते मंत्रिपदाने त्यांच्या गाण्याचं नुकसान केलं, वृत्तसमूहाचं नाही. त्या काळात मंच जवळजवळ सुटला होता.

17. अमेरिकेचा दौरा त्यांनी रद्द केला होता तो कशावरून?

मार्च 2003, इराकवरचा हल्ला. निषेध म्हणून. तो दौरा त्यांच्या तोवरच्या अमेरिकी दौऱ्यांत सर्वांत मोठा ठरणार होता, त्यामुळे आर्थिक झळ खरीखुरी होती. ग्रॅमी त्यानंतर दोन वर्षांनी मिळालं (प्र. 13), तेही अमेरिकेतच.

18. त्यांची संपत्ती किती?

इंटरनेटवर फिरणारे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांना आधार दिलेला नसतो. खाजगी मालकीच्या कंपन्या, जमीनजुमला आणि गाण्यांचे हक्क यांची बेरीज बाहेरच्या माणसाला करता येत नाही. आकडा पाहिजेच असेल तर आमच्याकडे मागू नका.

19. सिनेमात दिसले होते का?

हो, 2006 च्या 'अमेझिंग ग्रेस'मध्ये ओलाउडा इक्वियानो या मुक्त झालेल्या गुलामाच्या भूमिकेत. 1998 च्या 'किरिकू' या फ्रेंच ॲनिमेशनपटाचं संगीत त्यांचं आहे. लहान मुलांना यूसू यांची ओळख करून द्यायची तर तिथून सुरुवात बरी.

20. सन्मान कोणकोणते?

ग्रॅमीखेरीज स्वीडनचं पोलर म्युझिक प्राइझ 2013, जपानचं प्रेमियम इम्पेरियाले 2017, येल विद्यापीठाची मानद डॉक्टरेट 2011. 1991 पासून युनिसेफचे सदिच्छादूत. 1998 च्या फुटबॉल विश्वचषकाचं अधिकृत गीत त्यांनी बेल्जियमच्या ॲक्सेल रेड यांच्यासोबत गायलं.

21. अजून गातात का? प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर?

गातात. 2019 मध्ये 'हिस्टरी', 2025 मध्ये 'एक्लेरे ल मोंद' आला. मात्र सुपर एत्वालचा जुना चेहरा आता विरळ झालाय: बासवादक हबीब फाय 2018 मध्ये गेले, गिटारवादक जिमी म्बाय 2025 मध्ये.

डाकारमध्ये किंवा त्यांच्या 'ग्राँ बाल' या मोठ्या रात्रीच्या कार्यक्रमाला गेलात तर तिकिटावरची वेळ मनावर घेऊ नका. मध्यरात्र उलटल्याशिवाय मुख्य गायक येत नाही आणि पहाटेशिवाय संपत नाही. दुपारी झोपून जा, रात्री उशिरा जेवा. आणि कुणी मंचावर चढून गायकाच्या हातात नोटा ठेवू लागलं तर दचकू नका. ती ग्रिओला द्यायची बिदागी आहे (प्र. 5). ती त्यांनी बंद केलेली नाही.

22. कुठून ऐकायला सुरुवात करू?

'इमिग्रे', मग 'सेट', मग 'इजिप्त', याच क्रमाने. तिन्ही आवडले तर एत्वाल द डाकारची जुनी रेकॉर्डिंग शोधा. लंडनच्या स्टर्न्स कंपनीने ती पुन्हा काढली आहेत. आवाज खरखरीत आहे, ट्रंपेट थोडं बेसूर आहे, आणि मध्येच विशीतला एक पोरगा असा वरचा सूर लावतो की खरखर ऐकू येईनाशी होते.